संयुक्त स्वरांची परिभाषा : ‘आरोही-अवरोही’ की ‘पूर्वप्रधान-उत्तरप्रधान’?

१. प्रश्नाचे स्वरूप

ध्वनिविचार शिकवताना संयुक्त स्वरांचे दोन प्रकार सांगण्याची प्रथा आता आपल्याकडेही पडली आहे. एकाला आरोही आणि दुसऱ्याला अवरोही असे म्हटले जाते. इंग्रजी ग्रंथांतील संज्ञांची ही शब्दशः भाषांतरे आहेत. व्याख्या पाठ करेपर्यंत त्यांतील अडचण जाणवत नाही. उदाहरण देण्याची वेळ आली की ती जाणवू लागते. ‘ऐ’ हा स्वर आरोही की अवरोही, असा प्रश्न विचारल्यास विचार करणारा विद्यार्थी ‘आरोही’ असे उत्तर देईल. ‘अ’ उच्चारताना जीभ खाली असते, ‘इ’ उच्चारताना ती वर चढते, तेव्हा अ-कडून इ-कडे होणारी गती चढती म्हटली पाहिजे, असे त्याचे म्हणणे असेल. पाठ्यपुस्तकातील उत्तर मात्र नेमके उलट, म्हणजे ‘अवरोही’ असे आहे.

येथे विद्यार्थ्याचे निरीक्षण चुकलेले नाही आणि पाठ्यपुस्तकाचे उत्तरही चुकलेले नाही. जे नाव दोघांच्या मध्ये उभे आहे ते सदोष आहे. आरोह कशाचा आणि अवरोह कशाचा, हे त्या नावातून कळत नाही. प्रस्तुत लेखात या संज्ञांची छाननी करून त्यांच्या जागी ‘पूर्वप्रधान’ आणि ‘उत्तरप्रधान’ या संज्ञा वापराव्यात, असे सुचवावयाचे आहे. हा केवळ शब्दांचा वाद नाही. योग्य नाव नसल्यामुळे मराठीच्या बोलींतील एक मोठे ध्वनिक्षेत्र आपल्या व्याकरणाच्या नजरेतून निसटले असून ज्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ते जिवंत आहे त्यांच्या वाट्याला ‘अशुद्ध’ हा शेरा आला आहे. या चर्चेचे प्रयोजन हेच आहे.

२. तीन गती आणि एक नाव

संयुक्त स्वर म्हणजे एकाच अक्षरात, मध्ये खंड न पडता, एका स्वरस्थानाकडून दुसऱ्या स्वरस्थानाकडे सरकणारा उच्चार. अशा उच्चारात एकाच वेळी तीन गोष्टी बदलू शकतात, आणि त्या तिन्ही परस्परांपासून वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट जिभेची उंची. ‘ऐ’मध्ये जीभ वर जाते, मुख संकोचते आणि विवृत स्वराकडून संवृत स्वराकडे प्रवास होतो. दुसरी गोष्ट प्राधान्याची. दोन घटकांपैकी कोणता घटक अक्षराचे शिखर होतो आणि कोणता आखूड होऊन त्याला चिकटून राहतो, हा प्रश्न येथे असतो. ‘ऐ’मध्ये ‘अ’ ठळक आहे आणि ‘इ’ त्याच्या मागून ओझरती येते, म्हणून प्राधान्य उतरते. तिसरी गोष्ट सुराची, म्हणजे आवाजाच्या उंच-सखलपणाची. ‘होय?’ असा प्रश्न केला तर सूर चढतो आणि ‘होय.’ असा होकार दिला तर तो उतरतो. दोन्ही उच्चारांतील संयुक्त स्वर मात्र एकच असतो.

पाश्चात्त्य ध्वनिविज्ञानातील चढ-उताराच्या संज्ञा यांपैकी दुसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे प्राधान्यासाठी योजलेल्या आहेत. जिभेच्या गतीसाठी तेथे स्वतंत्र संज्ञा आहेत. आपण भाषांतर करताना ‘आरोह’ आणि ‘अवरोह’ हे शब्द घेतले. ते आपल्या कानांत आधीच संगीतातील सप्तकाच्या अर्थाने बसलेले आहेत. भर म्हणजे मराठीत ‘स्वर’ हा शब्दही संगीत, व्याकरण आणि वैदिक उच्चारण अशा तिन्ही क्षेत्रांत वावरतो. त्यामुळे ‘आरोही स्वर’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात गाणे प्रथम येते, जीभ नंतर येते आणि प्राधान्य बहुधा येतच नाही.

स्पॅनिश व्याकरणकारांनी याच दोन प्रकारांना ‘वाढता’ आणि ‘घटता’ या अर्थाची नावे दिली आहेत. ती काहीशी बरी आहेत, कारण ‘वाढणे’ हे क्रियापद जिभेपेक्षा जोराकडे अधिक निर्देश करते. तरीही ‘काय वाढते?’ हा प्रश्न उरतोच.

३. परंपरेत हा भेद होता काय?

संस्कृत परंपरेने ए, ऐ, ओ, औ या चारांना संध्यक्षरे म्हटले. आपल्या शालेय व्याकरणात हेच चार ‘संयुक्त स्वर’ म्हणून शिकवले जातात आणि त्यांची फोड अ+इ, आ+इ, अ+उ, आ+उ अशी दिली जाते. ही फोड संस्कृताच्या व्युत्पत्तीला धरून आहे. आजच्या मराठीत ए आणि ओ हे सरळ, एकजिनसी स्वर आहेत. त्यांत कोणतीही सरक ऐकू येत नाही. ऐ आणि औ यांत ती ऐकू येते, पण त्यांचा पहिला घटक बहुतेक ठिकाणी ‘आ’ नसून ‘अ’ असतो. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६च्या व्याकरणापासून मो. के. दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठी वर्णविचाराची मांडणी मुख्यतः संस्कृत वर्णमालेच्या चौकटीत झाली. प्रत्यक्ष उच्चाराकडे स्वतंत्र शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची वाट ना. गो. कालेलकरांच्या ‘ध्वनिविचार’ (१९५५) या ग्रंथाने आणि पुढे अशोक केळकरांच्या लेखनाने रुंद केली.

असे असले तरी प्राधान्याचा भेद परंपरेला ठाऊक नव्हता, असे म्हणता येणार नाही. तो तिने वर्णमालेत न मांडता संधिप्रकरणात मांडला. ने+अन यापासून नयन, नै+अक यापासून नायक, पो+अन यापासून पवन, पौ+अक यापासून पावक ही रूपे घ्या. येथे संध्यक्षराचा दुसरा घटक आखडून य् किंवा व् होतो आणि पहिला घटक आपले स्थान राखतो. पहिल्या घटकाचे प्राधान्य याहून स्पष्ट कसे दाखवावे? याउलट इति+आदि यापासून इत्यादि, सु+आगत यापासून स्वागत ही यण् संधीची उदाहरणे पाहावीत. येथे आखडणारा घटक पहिला आहे आणि शिखर दुसऱ्याकडे आहे. संप्रसारणात हीच प्रक्रिया उलट दिशेने चालते. वक्ता आणि उक्ती, यज्ञ आणि इष्टी, स्वप्न आणि सुप्त या जोड्यांत व् आणि य् पुन्हा उ आणि इ होऊन अक्षराचे शिखर बनतात.

तात्पर्य, इ–य् आणि उ–व् ही एकाच ध्वनीची शिखरावरची आणि उतारावरची रूपे आहेत, ही जाणीव परंपरेत पक्की होती. ‘अंतःस्थ’ हे नावही तिचेच द्योतक आहे. परंपरेने फक्त ‘या’, ‘वा’ यांतील य् आणि व् यांना व्यंजनांच्या रांगेत बसवले. त्यामुळे स्वरविचारात उत्तर घटकाला प्राधान्य असणाऱ्या प्रकारासाठी जागाच उरली नाही.

४. रचित भाषांची साक्ष

नैसर्गिक भाषेत संयुक्त स्वर कोणत्या प्रकारचा, हे नाव नसले तरी बोलणाऱ्याला माहीत असते, कारण तो ते आईच्या तोंडून शिकलेला असतो. जी भाषा कोणाचीच मातृभाषा नाही, एका व्यक्तीने कागदावर रचलेली आहे, तिच्या कर्त्याला मात्र हे शब्दांत सांगावेच लागते. म्हणून परिभाषेची कसोटी पाहण्यासाठी रचित भाषा हे सोयीचे क्षेत्र आहे.

जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्डमधील भाषाशास्त्राचे अध्यापक होते. त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचा शेवटचा खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या परिशिष्टात त्यांनी आपल्या कल्पित भाषांचे उच्चारनियम दिले आहेत. क्वेन्या या भाषेत उइ, ओइ, आइ आणि इउ, एउ, आउ असे सहा संयुक्त स्वर आहेत. हे सर्व उतरत्या प्रकारचे असल्याचे त्यांनी सांगितले; पण तेवढ्यावर न थांबता आघात पहिल्या घटकावर असतो, हा खुलासाही जोडला. ‘इउ’ याला पुढील काळात अपवाद झाला आणि तो चढता, म्हणजे ‘यु’सारखा उच्चारला जाऊ लागला, अशी नोंदही तेथे आहे. ज्या भाषेत या संज्ञा मुळात रूढ झाल्या, त्या भाषेत लिहिणाऱ्या तज्ज्ञालाही संज्ञेच्या जोडीला अर्थ द्यावा लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याने दिलेला खुलासा हाच खरा आशय आहे. मग आपण नावच त्या आशयावरून का ठेवू नये?

दुसरे उदाहरण एस्परान्तोचे. ल. ल. झामेनहोफ यांनी ही भाषा १८८७ साली वॉर्सा येथे प्रसिद्ध केली. तिच्यात शब्दाच्या उपान्त्य अक्षरावर आघात येतो, त्यामुळे अक्षरे किती हे निश्चित असल्याशिवाय शब्द उच्चारताच येत नाही. झामेनहोफ यांनी ‘उ’साठी दोन वर्ण ठेवले. एक साधा, पूर्ण स्वर असलेला. दुसरा डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण असलेला, उतारावरचा. ‘स्तुती’ या अर्थाचा शब्द लाव्-दो असा दोन अक्षरी आहे आणि आघात ‘लाव्’वर येतो. ‘आदिमानव’ या अर्थाचा शब्द प्रा-ऊ-लो असा तीन अक्षरी आहे आणि आघात ‘ऊ’वर येतो. पहिल्यात ‘आ’ आणि ‘उ’ मिळून एक अक्षर झाले, दुसऱ्यात ती दोन सुटी अक्षरे राहिली. ज्या भेदासाठी नैसर्गिक भाषांना शतके लागतात, तो येथे एका खुणेने साधला आहे.

या दोन भाषांकडून आपल्याला तीन कोटी मिळतात : पहिला घटक प्रधान, दुसरा घटक प्रधान, आणि दोन्ही घटक प्रधान असल्यामुळे दोन सुटी अक्षरे. आता या तीन कोटी घेऊन मराठीकडे वळू.

५. प्रमाण मराठीतील पूर्वप्रधान स्वर

‘गाय’ आणि ‘गाई’ ही जोडी पाहू. लेखनात दोन्हीकडे दोन वर्ण आहेत. उच्चारात ‘गाय’ एका झटक्यात संपते. तिच्यातील ‘आ’ शिखर आहे आणि ‘य’ त्याचा उतार. ‘गाई’मध्ये मात्र दोन शिखरे आहेत. ‘सोय’ आणि ‘सोई’ यांतही हाच भेद आहे. एकवचन आणि अनेकवचन यांतील फरक या शब्दांत केवळ दुसऱ्या घटकाच्या प्राधान्यावर उभा आहे, म्हणजे मराठीत हा भेद अर्थभेदक आहे. वर्णमालेत फक्त ऐ आणि औ यांना जागा असल्यामुळे ‘पाय’, ‘होय’, ‘देव’, ‘नाव’ यांतील सरक आपण ‘स्वर अधिक व्यंजन’ म्हणून मोजतो आणि ती संयुक्त स्वरांच्या चर्चेत येतच नाही.

सुट्या स्वरांकडून पूर्वप्रधान स्वराकडे जाण्याची वाट मराठीच्या इतिहासात ठळकपणे दिसते. प्राकृतात स्वरांमधली व्यंजने लोपली आणि स्वर शेजारी शेजारी उघडे पडले. प्रातिशाख्यांच्या परिभाषेत अशा स्थितीला विवृत्ती म्हणतात. प्रतिष्ठानचे पइट्ठाण झाले आणि त्याचे पैठण. चतुष्कचे चउक्क आणि त्याचे चौक. चतुर्दशचे चउद्दह आणि त्याचे चौदा. बइल्लचा बैल झाला. सर्वत्र दोन अक्षरांचे एक अक्षर झाले, दुसरा स्वर उतारावर गेला आणि पहिल्याने शिखर राखले. आजही ‘कई एक’चे ‘कैक’ होते तेव्हा हीच प्रक्रिया चालू असते.

बोलीत ती आणखी पुढे जाते. धाराशिव तालुक्यातील बेंबळी आणि भोवतालच्या गावांत, किंबहुना महाराष्ट्राच्या बऱ्याच ग्रामीण भागात, ‘आई’ची ‘आय’ आणि ‘बाई’ची ‘बाय’ होते. याच जिल्ह्यातील तुळजापूरच्या भवानीच्या नावाने ‘आई राजा उदो उदो’ असा घोष होतो, तेव्हा ‘आई’तील दोन्ही स्वर सुटे आणि भरीव ऐकू येतात. तोच शब्द घरात हाक मारताना एकाक्षरी होतो. एकाच भाषकाच्या तोंडी प्रसंगानुसार विवृत्ती आणि पूर्वप्रधान स्वर अशी दोन्ही रूपे वावरतात. येथे ‘आय’ला ‘आई’चा अपभ्रष्ट उच्चार म्हणणे म्हणजे ‘पैठण’ला ‘पइट्ठाण’चा अपभ्रष्ट उच्चार म्हणून नाकारण्यासारखे आहे.

६. बोलींतील उत्तरप्रधान स्वर

आता ज्या प्रकाराला आपल्या स्वरविचारात जागा नाही, त्याकडे वळू. मराठवाड्यातील ग्रामीण बोलण्यात शब्दारंभीचा ‘ए’ बहुधा ‘ये’ होतो : येक, येवढा, येकटा. शब्दारंभीच्या ‘ओ’पूर्वी ‘व’ येतो आणि कित्येकदा मागचा स्वर ‘अ’कडे झुकतो : ओळखची वळख, ओढची वढ, ओट्याचा वटा. नियम साधा आहे. पुढच्या स्वरापूर्वी पुढची श्रुती, म्हणजे य. मागच्या स्वरापूर्वी मागची श्रुती, म्हणजे व. ‘श्रुती’ ही संज्ञा बाराव्या शतकातील हेमचंद्राने प्राकृतातील अशाच ओझरत्या य-कारासाठी वापरलेली आहे. आपण ती मोकळेपणाने घ्यावी. कन्नड आणि तेलुगू बोलण्यातही शब्दारंभीच्या ए आणि ओ यांपूर्वी अशाच श्रुती ऐकू येतात, हे सीमेलगतच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

ही रूपे नवी नाहीत आणि अडाणीपणाची तर मुळीच नाहीत. ज्ञानेश्वरीच्या परंपरागत पाठांत ‘वोवी’, ‘वोखटे’ अशी रूपे आढळतात. दासबोधात ‘येक’ हे नित्याचे लेखन आहे. म्हणजे आज वर्गात ज्या ‘येक’वर तांबडी खूण होते, तो समर्थांच्या ग्रंथात सन्मानाने बसलेला आहे.

याहून महत्त्वाचा प्रकार शब्दाच्या आत घडतो. माडगूळकर, शंकर पाटील, आनंद यादव यांच्या पिढीने ग्रामीण कथेत बोलीला प्रतिष्ठा दिली. तेव्हापासून ‘प्वार’, ‘त्वांड’, ‘ग्वाड’, ‘श्यात’ यांसारखी रूपे ग्रामीण कथेच्या वाचकाला परिचयाची झाली आहेत. ही रूपे ‘पोर’, ‘तोंड’, ‘गोड’, ‘शेत’ यांच्याशी ताडून पाहावीत. ‘ओ’ फुटून त्याचे ‘वा’ झाले आहे आणि ‘ए’ फुटून ‘या’. मूळ स्वराचा आरंभ आखडून उतारावर गेला आणि शिखर पुढे सरकून ‘आ’वर स्थिरावले.

अगदी असाच बदल युरोपातील एका प्रतिष्ठित साहित्यभाषेत झालेला आहे. लॅटिनमधील ‘बोनुस’चे स्पॅनिशमध्ये ‘ब्वेनो’ झाले आणि ‘तेर्रा’चे ‘त्येर्रा’. आघात असलेल्या अक्षरात ओ आणि ए फुटले, आघात सरकला की ते पुन्हा एकसंध झाले. ‘मी करू शकतो’ या अर्थी ‘प्वेदो’, पण ‘आम्ही करू शकतो’ या अर्थी ‘पोदेमोस’. आपल्या बोलीतही ‘प्वार’च्या शेजारी ‘पोरं’, ‘ग्वाड’च्या शेजारी ‘गोडी’ आणि ‘श्यात’च्या शेजारी ‘शेतात’ अशी रूपे कोठे आणि किती आढळतात, हे गावागणिक नोंदवण्याजोगे आहे. स्पॅनिशमधील बदल ध्वनिनियम म्हणून शिकवला जातो. आपल्याकडील बदल केवळ ‘ग्रामीण उच्चार’ या सदरात पडून राहतो.

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. ‘प्वार’मधील ‘प्व’ हे जोडाक्षर मानून ‘व’ला व्यंजन का म्हणू नये? ‘प्याला’, ‘ग्वाही’ यांत आपण तसेच करतो. याचे उत्तर रूपांच्या अनुबंधातून मिळते. ‘प्याला’ला ‘पेला’ हा पर्याय असला, तरी ‘ए’ला नियमाने ‘या’ करणारी बोली आणि ‘प्याला’ हा फारसीतून आलेला शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘प्याला’तील य-कार प्रमाण भाषेत सर्व भाषकांच्या तोंडी स्थिर असतो. ‘प्वार’मधील व-कार मात्र ‘पोर’मधील ‘ओ’शी बांधलेला आहे, तो त्या स्वरातूनच निघालेला आहे. म्हणून पहिला व्यंजनाचा भाग आणि दुसरा स्वराचा भाग मानणे युक्त ठरते. छंदाची साक्षही याला पूरक आहे. ओवीत किंवा अभंगात ‘पोर’च्या जागी ‘प्वार’ म्हटले तरी अक्षरसंख्या बदलत नाही, आणि ‘पो’ जसा गुरू तसाच ‘प्वा’ही गुरू. व-काराने स्वतःचे वेगळे अक्षर मागितलेले नाही.

७. मुलांची ‘च’ची भाषा : एक कसोटी

व्यंजन कोठे संपते आणि स्वर कोठे सुरू होतो, हे भाषकाच्या मनाला विचारण्याची एक सोय आपल्या घरांत आहे. तीही एक प्रकारची रचित भाषाच आहे. मोठ्यांना कळू नये म्हणून मुले ‘च’ची भाषा बोलतात. तिच्या एका प्रचलित रूपात शब्दाचे पहिले व्यंजन काढून शेवटी नेतात आणि त्याच्या जागी ‘च’ ठेवतात. स्वर तसाच राहतो. ‘तू काय करतोस’ याचे ‘चूत चायक चरतोसक’ होते.

या नियमाने ‘पैसा’चे ‘चैसाप’ होते. ‘ऐ’चे दोन्ही घटक एकत्र जागेवर राहतात, म्हणजे तो एकच स्वर मानला गेला. आता ‘प्वार’ हा शब्द द्यावा. मुलाने ‘चारप्व’ म्हटले, तर त्याच्या मनात ‘प्व’ हे जोडव्यंजन आहे. ‘च्वारप’ म्हटले, तर ‘वा’ हा अखंड, उत्तरप्रधान स्वर आहे. ‘चोरप’ म्हटले, तर मनात ‘ओ’ आहे आणि ‘वा’ हे केवळ उच्चाराचे रूप आहे. तसेच ‘येक’चे. ‘चेकय’ आले तर ‘य’ हे त्या मुलाला व्यंजन वाटते. ‘चेक’ आले तर ती फक्त श्रुती आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी, लिहिता-वाचता न येणाऱ्या वयाची आणि शाळेत जाणारी अशी दोन्ही मुले घेऊन, ही चाचणी करून पाहावी. लेखनाचे वळण लागण्यापूर्वी आणि नंतर उत्तरे बदलतात काय, हेही तिच्यातून कळू शकेल. पुस्तकातील परिभाषा क्षेत्रकार्याला उपयोगी पडते ती अशी. कोणत्या प्रश्नाची कोणती उत्तरे संभवतात, हे आधी ठाऊक असल्याशिवाय नोंदी घेता येत नाहीत.

८. प्रस्ताव

आता नावांकडे वळू. जो भेद सांगावयाचा आहे तो ‘कोणता घटक प्रधान’ एवढाच आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही, कारण समास शिकताना तो त्याने सोडवलेला असतो. पहिले पद प्रधान तो अव्ययीभाव, दुसरे प्रधान तो तत्पुरुष, दोन्ही प्रधान तो द्वंद्व आणि दोन्ही गौण राहून तिसऱ्याचा बोध होतो तो बहुव्रीही. हीच चौकट दोन स्वरांच्या संयोगाला लावून पाहू.

पहिला घटक प्रधान असेल तर तो पूर्वप्रधान संयुक्त स्वर : बैल, चौक, गाय, देव. दुसरा प्रधान असेल तर उत्तरप्रधान संयुक्त स्वर : प्वार, श्यात, आणि श्रुतीच्या पातळीवर येक. दोन्ही प्रधान असतील तर ती दोन अक्षरे, म्हणजे विवृत्ती : गाई, मऊ. दोन्ही घटक आपली ओळख हरवून तिसराच स्वर निर्माण करीत असतील तर तो एकीभाव : देव+इंद्र यापासून देवेंद्र या गुणसंधीतील ‘ए’. शालेय व्याकरणात ए आणि ओ यांना संयुक्त स्वर का म्हटले जाते आणि उच्चारात ते तसे का नाहीत, याचा उलगडाही या चौथ्या कोटीने होतो. उत्पत्तीने ते संयुक्त आहेत, उच्चाराने एकसंध.

समासाशी केलेली ही तुलना स्मरणासाठी आहे. ती अक्षरशः ताणू नये. समासातील प्राधान्य अर्थाचे असते, येथील प्राधान्य श्रवणाचे आहे. शिवाय एकाच ध्वनीचे एका बोलीत विवृत्ती आणि दुसरीत पूर्वप्रधान स्वर असे विश्लेषण होऊ शकते. तरी या संज्ञांचा लाभ असा की, त्यांचा अर्थ त्यांच्याच अंगी आहे. ‘पूर्वप्रधान’ म्हटले की काय प्रधान आहे ते सांगून होते, वेगळा खुलासा लागत नाही. जिभेच्या गतीसाठी संवृतगामी आणि विवृतगामी असे शब्द वापरता येतील, आणि ‘आरोह-अवरोह’ ही जोडी सुरासाठी राखून ठेवता येईल. तिन्ही गतींना तीन स्वतंत्र जोड्या मिळाल्या की ‘ऐ’चे पूर्ण वर्णन ‘पूर्वप्रधान आणि संवृतगामी’ असे एका ओळीत करता येते. ‘प्वार’मधील ‘वा’ ‘उत्तरप्रधान आणि विवृतगामी’ ठरतो. सुरुवातीला गोंधळलेला विद्यार्थी आणि त्याचे पाठ्यपुस्तक असे दोघेही येथे बरोबर ठरतात.

९. समारोप

परिभाषा बदलल्याने उच्चार बदलत नाहीत. ते ज्या नजरेने पाहिले जातात ती नजर बदलते. याचे तीन परिणाम संभवतात. पहिला अध्यापनात. ‘येक’ किंवा ‘वळख’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाण लेखन शिकवावेच लागेल, त्यात सूट मागण्याचे कारण नाही. पण त्याची चूक ही नियमहीनता नसून एका दुसऱ्या नियमाचे पालन आहे, हे शिक्षकाला ठाऊक असले तर सुधारणा करताना अवहेलना होणार नाही. तो विद्यार्थी स्वतःच्या बोलीकडे लपवण्याची वस्तू म्हणून न पाहता अभ्यासाचे साधन म्हणून पाहू लागेल. दुसरा परिणाम पाठसंपादनात. केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरपूर्व गद्य मुळाप्रमाणे छापावे, असा आपल्या लेखननियमांचा संकेत आहे. ‘वोवी’ची ‘ओवी’ आणि ‘येक’चे ‘एक’ करून टाकणारा संपादक ध्वनीच्या इतिहासाचा एक पुरावा पुसतो, हे या दृष्टीने अधिक स्पष्ट होते. तिसरा परिणाम बोलींच्या नोंदींत. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे या जिल्ह्याचे आठ तालुके. त्यांतील उच्चार एकसारखे आहेत असे गृहीत न धरता, ओ आणि ए कोणत्या शब्दांत फुटतात, कोणत्या वयाच्या भाषकांत फुटतात आणि कोणत्या प्रत्ययांपुढे पुन्हा सांधले जातात, याची तालुकावार पाहणी महाविद्यालयीन विभागांना करता येईल. त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. चांगला कान, वही आणि नेमकी नावे पुरतात.

कान आणि वही आपल्याकडे होतीच. नेमक्या नावांची उणीव होती. ‘पूर्वप्रधान’ आणि ‘उत्तरप्रधान’ या संज्ञा ती भरून काढू शकतात काय, हे अभ्यासकांनी वर्गात आणि क्षेत्रात वापरून ठरवावे.